गिडियनचा पेन्सिलीने लिहिलेला अर्ज
१७९१च्या बिल ऑफ राइट्सपासूनच (म्हणजे राज्यघटनेत जोडलेल्या नागरिकांच्या हक्कांच्या कलमांपासूनच) अमेरिकेत गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, असं कुणी म्हणेल. तसं नाही. ती कलमं मुळात फक्त केंद्र सरकारवर बंधनकारक होती. राज्यांना ती लागू नाहीत, असं सुप्रीम कोर्टानेच १८३३ मध्ये सांगितलं. पुढे १८६८च्या चौदाव्या घटनादुरुस्तीच्या आधारे राज्यांनाही ती लागू होत गेली, पण एकेक करत, फार सावकाश.

फ्लोरिडातल्या क्लॅरेन्स गिडियनवर चोरीचा आरोप होता. खिशात पैसे नव्हते म्हणून वकील मागितला, तर न्यायाधीशांनी नाही म्हटलं. पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याने तुरुंगातल्या रेघी कागदावर पेन्सिलीने सुप्रीम कोर्टाला अर्ज लिहिला, आणि १९६३ मध्ये नऊच्या नऊ न्यायाधीशांनी वकिलाचा हा हक्क राज्यांनाही लागू करत त्याच्या बाजूने निकाल दिला! फेरखटल्यात वकील मिळाला, तेव्हा ज्यूरीने त्याला निर्दोष सोडलं.