नायनर्सचा ६-११ हंगाम: दुखापतींचं कारण कितपत खरं?

हेवर्डकर

जानेवारी २०२५ मध्ये रॉबर्ट सालेह आपल्या नायनर्सचा डिफेन्स, म्हणजे बचाव, सांभाळायला परत येणार हे नक्की झालं आणि बे एरियातल्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर आनंदीआनंद झाला. मलाही बरं वाटलं. पण २०२४ च्या हंगामाचा हिशोब मात्र कुणी नीट मांडत नाहीये. "काय करणार, सगळे जखमी होते" एवढ्यावर विषय मिटवला जातो. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

जे नियमित बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. फेब्रुवारी २०२४ मध्ये लास व्हेगासला आपले सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्स (नायनर्स) सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगचा अंतिम सामना, हरले, कॅन्सस सिटी चीफ्सकडून, ओव्हरटाइममध्ये, २५-२२. चार वर्षांत त्याच संघाकडून दुसऱ्यांदा. तरी बहुतेक खेळाडू तेच राहिले होते, त्यामुळे पुढच्या हंगामातही आपण दावेदार असणार असं सगळेच धरून चालले होते. शेवट झाला ६ विजय, ११ पराभव आणि चार संघांच्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे गटात, तळाला.

आता तीन सामने आठवा. तिसऱ्या आठवड्यात रॅम्सविरुद्ध चौथ्या क्वार्टरमध्ये आपण २४-१४ पुढे होतो, हरलो २७-२४. पाचव्या आठवड्यात अ‍ॅरिझोनाविरुद्ध मध्यंतराला २३-१० पुढे, नंतर एक गुणही केला नाही, हरलो २४-२३. अकराव्या आठवड्यात सीहॉक्सविरुद्ध १७-१३ पुढे असताना १२ सेकंद बाकी ठेवून त्यांचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) जीनो स्मिथ स्वतः पळत आपल्या टोकाच्या एंड झोनमध्ये शिरला, म्हणजे टचडाउन. २०-१७.

तिन्ही मिळून ७ गुणांचा फरक, आणि तिन्ही संघ आपल्याच डिव्हिजनमधले. हे सामने राखले असते तर आपण ९-८ झालो असतो. रॅम्स आणि सीहॉक्स दोघेही १०-७ वर संपले, म्हणजे तेही ९-८ वर आले असते. ज्या हंगामाला लोक दुर्दैव म्हणतात त्यात डिव्हिजन जिंकण्याची संधी हातात आली होती आणि आपण ती सोडली.

आघाडी घेऊन ती घालवणं हे मुख्य कोच काइल शॅनहनच्या संघांचं जुनं दुखणं आहे. सुपर बोलमध्येसुद्धा दोन्ही वेळा दहा गुणांनी पुढे होतो. याला हॅमस्ट्रिंग जबाबदार नाही, कोच जबाबदार आहे.

नायनरवेडा

हेवर्डकर, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष अन्यायाचा आहे. त्याच तीन सामन्यांत मैदानावर कोण होतं ते तुम्ही लिहिलंच नाहीत.

रॅम्सविरुद्ध आक्रमणातले तिघे मोठे खेळाडू बाहेर: मॅकॅफ्री नाही, डीबो सॅम्युअल नाही, जॉर्ज किटल नाही. त्या दिवशी जॉअन जेनिंग्जने १७५ यार्ड आणि तीन टचडाउन काढले म्हणून आपण पुढे तरी होतो. त्याच सामन्यात हारग्रेव्हचा ट्रायसेप्स फाटला आणि डिफेन्सिव्ह लाइनच्या मधल्या जागेचा सर्वात महागडा माणूस जवळपास हंगामभरासाठी गेला. अ‍ॅरिझोनाविरुद्ध किकर जेक मूडी किकऑफवर टॅकल करताना घोट्याला मार लागून बाहेर. सीहॉक्सविरुद्ध किटल नाही आणि उत्तरार्धात डिफेन्सचा निक बोसाही बाहेर. शेवटच्या ड्राइव्हला (चढाईला) क्वार्टरबॅक बिनधास्त पळाला तो कुणाच्या अनुपस्थितीत, याचा विचार करा.

आणि मॅकॅफ्री. २०२३ मध्ये लीगमधला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू, १,४५९ यार्ड धावला. २०२४ मध्ये दोन्ही पायांच्या अकिलीसची (टाचेमागच्या शिरेची) सूज, उपचारासाठी जर्मनीपर्यंत गेला, नोव्हेंबरात परतला आणि १ डिसेंबरला बफेलोच्या बर्फात गुडघा गेला. एकूण ४ सामने, २०२ यार्ड, टचडाउन शून्य. शॅनहनचं सगळं आक्रमण या एका माणसाभोवती रचलेलं आहे. रिसीव्हर (पास झेलणारा) आयुक सातव्या आठवड्यात गुडघ्याचा एसीएल तुटून गेला. क्वार्टरबॅकची डावी बाजू राखणारा डावा टॅकल ट्रेंट विल्यम्स शेवटचे सात सामने खेळला नाही. आपला क्वार्टरबॅक पर्डी, त्याचा खांदा दुखावला म्हणून ग्रीन बेला ब्रँडन अ‍ॅलन उतरला आणि ३८-१० हरलो.

२०२० आठवतंय ना? तेव्हाही सुपर बोल हरल्यानंतरचं वर्ष, तेव्हाही बोसा, तेव्हाचा क्वार्टरबॅक गरापोलो, किटल जखमी, ६-१०. पुढच्याच वर्षी हाच कोच कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यापर्यंत, म्हणजे सुपर बोलच्या एक पायरी आधीपर्यंत, घेऊन गेला.

हेवर्डकर

रॅम्सकडे त्या दिवशी कूपर कप आणि पुका नकुआ, दोघेही नव्हते. त्यांचे दोन्ही मुख्य रिसीव्हर बाहेर, तरी त्यांनी चौथ्या क्वार्टरमध्ये सामना ओढून नेला. पुढे तोच संघ डिव्हिजन जिंकला. दुखापती सगळ्यांनाच होतात. त्यांच्या कोचने, मॅकव्हेने, त्यातून वाट काढली, शॅनहनला जमलं नाही.

मेघ_सनीव्हेल

दोघंही फक्त स्नायू आणि हाडांबद्दल बोलताय. या संघावर २०२४ मध्ये जे आलं ते त्यापलीकडचं होतं.

३१ ऑगस्टला, हंगाम सुरू व्हायच्या आधी, ड्राफ्टच्या (नव्या खेळाडूंच्या निवडीच्या) पहिल्या फेरीत निवडलेल्या रिकी पियर्सलला युनियन स्क्वेअरमध्ये भरदिवसा लुटायचा प्रयत्न झाला आणि छातीत गोळी लागली. तो वाचला, आणि ऑक्टोबरमध्ये खेळलासुद्धा. ऑक्टोबरच्या शेवटी डिफेन्समधल्या चारव्हेरियस वॉर्डची मुलगी गेली, दोन वर्षांचीही झाली नव्हती. नोव्हेंबरमध्ये ट्रेंट विल्यम्स आणि त्याच्या पत्नीने जन्माआधीच बाळ गमावलं. एकाच लॉकर रूममध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने.

मी दर रविवारी बघते, हरल्याचं वाईट मलाही वाटतं. पण अशा वर्षात वॉर्डच्या अंगावरून एखादा पास गेला म्हणून शिव्या घालणारे मेसेज आपल्याच ग्रुपवर वाचले तेव्हा फार राग आला. या माणसांनी मैदानावर उभं राहणंच मोठं होतं.

हेवर्डकर

मेघताई, वॉर्डबद्दल एक शब्दही मी वाईट बोलणार नाही. तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. माझी तक्रार खेळाडूंविषयी नाहीच, ती निर्णय घेणाऱ्यांविषयी आहे. सुपर बोलनंतर तीन दिवसांत डिफेन्सचे कोऑर्डिनेटर स्टीव्ह विल्क्स यांना काढलं, हा निर्णय कुणाच्या दुःखातून आला नव्हता. त्यांच्या डिफेन्सने २०२३ च्या हंगामात २९८ गुण दिले होते. त्यांच्या जागी निक सोरेन्सन, ज्यांनी ही जबाबदारी एनएफएलमध्ये आधी कधी घेतली नव्हती. २०२४ मध्ये दिलेले गुण ४३६. शेवटच्या तीन सामन्यांत २९, ४० आणि ४७. आता सोरेन्सनही त्या पदावर नाहीत. रायन्स, विल्क्स, सोरेन्सन, सालेह: चार हंगामांत चौथा माणूस. दर वर्षी नवा आवाज कानात, मग लाइनबॅकर चुकीच्या जागी उभा सापडला तर नवल काय?

सिअ‍ॅटलवासी

मी सीहॉक्सचा, तरी लिहितो. गेली काही वर्षं तुमच्याशी खेळायचं म्हटलं की आम्हाला धडकी भरायची. २०२२ मध्ये तुम्ही डिव्हिजनमध्ये ६-०, २०२३ मध्ये ५-१. २०२४ मध्ये १-५. तो एक विजय आमच्यावरच.

बाहेरून बघणाऱ्याला फरक जाणवला तो अंगावर येण्यात. पूर्वी तिसऱ्या क्वार्टरपर्यंत आमची ऑफेन्सिव्ह लाइन थकून जायची. २०२४ मध्ये १७ नोव्हेंबरला सांता क्लारात शेवटच्या ड्राइव्हला तुमचा डिफेन्स थकलेला होता, आमची लाइन ताजी होती. याचं मूळ दुखापतीत आहे की बेंच कमकुवत असण्यात, हे तुम्ही ठरवा. मला तरी दुसरं वाटतं.

कॅपचं_गणित

सिअ‍ॅटलवासींनी नेमकं बोट ठेवलं. दुखापत की व्यवस्थापन असा वाद घालण्यात अर्थ नाही, कारण दुखापत झाल्यावर मागून कोण येतो हे तीन वर्षांपूर्वीच ठरलेलं असतं.

२०२१ मध्ये क्वार्टरबॅक ट्रे लान्ससाठी आपण ड्राफ्टमधला तिसरा क्रमांक घेतला. त्याच्या बदल्यात त्या वर्षीची आणि पुढच्या दोन वर्षांची पहिल्या फेरीची निवड मायामीला दिली. लान्स चार सामन्यांत सुरुवातीला उतरला आणि २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका निवडीवर डॅलसला गेला. २०२२ आणि २०२३ मध्ये पहिल्या फेरीतून आपल्याकडे कुणीच आलं नाही. आज जे दोन-तीन वर्षांच्या अनुभवाचे, कमी पगारातले दमदार खेळाडू बेंचवर हवे होते, ते त्या खड्ड्यात गेले. एवढी मोठी चूक होऊनही दोन वेळा कॉन्फरन्स फायनल आणि एक सुपर बोल गाठला तो फक्त २६२व्या, म्हणजे अगदी शेवटच्या क्रमांकावर पर्डी मिळाला म्हणून.

त्यात २०२४ चा उन्हाळा. आयुकचा करार ऑगस्टच्या अखेरीपर्यंत रखडला, शेवटी चार वर्षांचे १२ कोटी डॉलर. विल्यम्स तर हंगाम तोंडावर आल्यावर दाखल झाला, छत्तिसाव्या वर्षी, सराव शिबिराशिवाय. आयुकने सात सामन्यांत २५ झेल घेतले, टचडाउन एकही नाही. जो आकडा ऑगस्टअखेर द्यायचाच होता तो आधी दिला असता तर दोघं जुलैपासून सरावात असते.

करारांची बोलणी अनेक वर्षं पराग मराठे बघतात. आपल्या आडनावाचा माणूस एनएफएलमध्ये इतक्या वर, शिवाय लीड्स युनायटेडचा अध्यक्ष, याचा मला खरोखर अभिमान आहे. कॅपमध्ये जागा काढण्यात त्यांचा हात धरणारे थोडे आहेत. तरीही हा उन्हाळा फसला, हे म्हणायलाच हवं.

नवखी_पुणे

माझा भाऊ सॅन होजेला असतो, त्याच्यामुळे सकाळी उठून बघायला लागले. हे कॅप म्हणजे आयपीएलच्या लिलावातल्या पैशांच्या मर्यादेसारखंच का? मग पर्डीला पैसे दिले की बाकीचे जाणार?

कॅपचं_गणित

साधारण तसंच, पण इथे लिलाव नाही आणि कराराचा बोनस पुढच्या वर्षांवर पसरवता येतो. २०२४ ची मर्यादा होती संघामागे २५ कोटी ५४ लाख डॉलर. त्यात पर्डीचा पगार होता जेमतेम ९ लाख ८५ हजार! क्वार्टरबॅक जवळपास फुकट, म्हणून बोसा, सॅम्युअल, मॅकॅफ्री, विल्यम्स, किटल सगळे एका वेळी परवडले. २०२५ मध्ये त्याच्या नव्या कराराची वेळ आली. डॅलसने डॅक प्रेस्कॉटला वर्षाला ६ कोटी दिलेत. हो, काही जण जाणार. म्हणूनच २०२४ वाया जाणं इतकं लागतं.

रेडवुडकाठ

पर्डीलाही वर्षाला एवढे कोटी? २०२३ मध्ये ३१ टचडाउन, ११ इंटरसेप्शन (विरोधकांनी पकडलेले पास). २०२४ मध्ये २० आणि १२. भोवतालचे तारे गेले की आकडे पडले, याचा अर्थ उघड आहे.

नायनरवेडा

अर्थ उलट आहे. मॅकॅफ्री नाही, आयुक नाही, डावा टॅकल नाही, तरी ३,८६४ यार्ड फेकले, आणि पायांनी ५ टचडाउन काढले. ३० डिसेंबरला डेट्रॉइटसमोर, प्लेऑफची आशा संपलेली असताना, ३४ गुण झाले, तेही कुणाला घेऊन? गरापोलोनंतर लान्स, लान्सनंतर दैवयोगाने हा. पुन्हा शोधमोहीम काढायची तुमची तयारी असेल, माझी नाही.

रेडवुडकाठ

त्याच डेट्रॉइटच्या सामन्यात दुसऱ्या अर्धात दोन इंटरसेप्शनही होते. ते सोयीस्कर विसरू नका.

जुना_कँडलस्टिक

१९९० च्या दशकापासून बघतोय. जानेवारी १९९५ मध्ये चार्जर्सना ४९-२६ हरवून पाचवा सुपर बोल जिंकला, त्यानंतर तीस वर्षं वाट बघतोय.

इथे सगळे ऑफेन्स-डिफेन्स करताय, स्पेशल टीम्सचं, म्हणजे किकच्या खेळींना उतरणाऱ्यांचं, नाव कुणी काढत नाही. सुपर बोलमध्ये पंट (लाथेने दूर मारलेली किक) आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून चेंडू चीफ्सना मिळाला आणि पुढच्याच खेळीत टचडाउन. नंतर आपली एक्स्ट्रा पॉइंटची किक अडवली गेली. या दोन गोष्टींनी कप गेला. इतकं होऊन काढलं कुणाला? डिफेन्सच्या विल्क्सना. स्पेशल टीम्सचे कोच ब्रायन श्नायडर राहिले, ते जानेवारी २०२५ मध्ये गेले. एक वर्ष उशिरा.

मूडीला २०२३ मध्ये तिसऱ्या फेरीत घेतला, ९९ व्या क्रमांकावर. किकरसाठी एवढी वरची निवड फार कमी संघ करतात. २०२४ मध्ये ३४ पैकी २४ फील्ड गोल. टॅम्पाला तीन चुकवले आणि शेवटचा ४४ यार्डांचा घातला म्हणून जिंकलो, नाहीतर तोही गेला होता. त्या दिवशी बाजूला आपलेच खेळाडू एकमेकांच्या अंगावर धावून गेले, हे टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं. विश्वास उडाल्याचं ते लक्षण होतं. हेवर्डकरांच्या तीन सामन्यांतला एक १ गुणाने आणि दोन ३ गुणांनी गेले. किकरचं काम याच फरकाचं असतं.

मेघ_सनीव्हेल

विश्वास उडाल्याचं खरं लक्षण १२ डिसेंबरला दिसलं. डिफेन्समधला ड्री ग्रीनलॉ सुपर बोलमध्ये अकिलीस तुटल्यानंतर दहा महिन्यांनी त्या रात्री परतला होता. तो कसा खेळत होता ते बघून अंगावर काटा आला. मग त्याला बाहेर यावं लागलं आणि डिव्हॉन्ड्रे कॅम्पबेलला आत जायला सांगितलं, तर तो जायला तयारच झाला नाही. एकजण मोडलेल्या पायावर परत उभा राहतो आणि दुसरा धडधाकट असून नकार देतो. १२-६ हरलो त्यापेक्षा हे जास्त लागलं. कोचने त्याला नंतर निलंबित केलं, ते योग्यच.

हेवर्डकर

आणि त्यानंतरचे तिन्ही सामने हरलो. ५-४ वर असलेला संघ पुढच्या आठांत एकच जिंकला.

जुन्या कँडलस्टिककाकांचा मुद्दा माझ्या बाजूचाच आहे. स्पेशल टीम्सचा कोच वर्षभर ठेवायचं कुणी ठरवलं? शॅनहन आणि जनरल मॅनेजर लिंच यांनी. सालेह चांगले आहेत, पण तिथेही तोच प्रश्न येतो. त्यांचा डिफेन्स उत्तम चालला आणि एखाद्या संघाने पुन्हा त्यांना मुख्य कोच म्हणून उचललं, तर पुढच्या वर्षी पाचवा कोऑर्डिनेटर.

नायनरवेडा

तेवढी जोखीम घ्यायला मी आनंदाने तयार आहे. डॉमिनिक पुनी, मलिक मुस्तफा, रेनार्डो ग्रीन ही २०२४ ची पोरं पहिल्याच वर्षी उभी राहिली, म्हणजे ड्राफ्टही पुन्हा जागेवर येतोय. वेळापत्रकही तळाच्या क्रमांकामुळे हलकं मिळेल. शॅनहनला हटवून आणणार कोणाला, एक नाव सांगा.

हेवर्डकर

हटवा असं मी कुठेच म्हटलं नाही. माझी मागणी एवढीच आहे की आघाडीवर असताना खेळी ठरवायचं काम त्यांनी दुसऱ्याकडे सोपवावं.

नायनरवेडा

ते त्यांनी सोडलं तर मग शॅनहन कशाला हवेत? त्यांची लीगमधली किंमतच त्या कामासाठी आहे.

जुना_कँडलस्टिक

आधी किकर बदला.