स्वस्त विंच: पैसे नेमके कुठे वाचवलेले असतात

विंच म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं, गाडीला बसवलेलं विजेवर चालणारं यंत्र. स्वस्त आणि महाग, दोन्ही विंचवर ओढण्याची क्षमता ९५०० पौंड (सुमारे ४३०० किलो) लिहिलंय, मग महागड्या विंचला तिप्पट पैसे कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण तो आकडा ड्रमवर गुंडाळलेल्या दोराच्या पहिल्या, सर्वांत आतल्या थराचा असतो, महागड्या विंचचाही. चौथ्या थरावर ओढ तीसेक टक्क्यांनी घटते. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट क्षमता धरा. अडीच टनाच्या गाडीला ९५०० पुरते.

खरा फरक सीलमध्ये, म्हणजे पाणी आत न येऊ देणाऱ्या बंदिस्तीत. स्वस्त विंच ओढताना क्वचितच मरते, ती वापराविना पडून मरते: मोटरच्या जोडावरून पाणी शिरतं, मोटरला वीज पोचवणारे ब्रश गंजतात, मोटर चालू-बंद करणारा विजेचा स्विच, म्हणजे सोलेनॉइड, चिकटतो. चिकटला की बटण सोडलं तरी ड्रम फिरतच राहतो! म्हणून बॅटरीजवळ वीज पूर्ण तोडणारा आयसोलेटर स्विच हवाच. मोटर-गिअरबॉक्सच्या जोडांना विंच नवी असतानाच सिलिकॉन सीलंट लावा, दर महिन्याला थोडा दोर आतबाहेर करा.

ब्रेक ड्रमच्या आत असेल तर दोर मोटरने सोडू नका, क्लच मोकळा करून हाताने ओढा. ब्रेक तापला की सिंथेटिक दोराचे आतले वेढे वितळतात.

आणि नाव पाहून फसू नका. वॉर्न या नामांकित अमेरिकन कंपनीची व्हीआर मालिकाही चीनमध्येच बनते. अशा नावाला पैसे मोजायचे ते सुट्या भागांसाठी.