पहिलं कॉमिक दगडावर छापलेलं होतं का?

चित्रकला_खानापूर:
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेत चित्रकला शिकवतो. यंदा नववीच्या मुलांनी हस्तलिखिताऐवजी कॉमिकचा अंक काढायचं ठरवलंय. त्यातल्या एका मुलीनं विचारलं, "सर, जगातलं पहिलं कॉमिक कुठलं?" शोधलं तर कुणी लंडनच्या 'पंच' या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाचं नाव घेतं, तर कुणी त्याही आधीच्या ग्लासगोच्या एका अंकाचं, आणि तो म्हणे दगडावर छापलेला. ग्लासगोचा दावा कितपत खरा? आणि दगडावरची छपाई मुलांकडून करून घेता येईल का? शाळेमागं शहाबादी फरश्या पडून आहेत, त्या चालतील का?

शाई_आणि_पाणी, बेळगाव:
सर, मी खडे बाजारातल्या छापखान्यात आयुष्यभर ऑफसेट चालवली, लग्नपत्रिकांपासून यात्रेच्या हँडबिलांपर्यंत, मराठी आणि कानडी दोन्ही. दगडाची छपाई ही आमच्या मशीनची आजी, म्हणून या विषयावर जरा सविस्तर लिहितो.

ग्लासगोचा दावा पोकळ नाही. 'द ग्लासगो लुकिंग ग्लास'चा पहिला अंक ११ जून १८२५ चा. चित्रं विल्यम हीथची, छपाई जॉन वॉटसनची. 'पंच' निघाला १८४१ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. ग्लासगोच्या पानांवर राजकारण होतंच, शिवाय शहरातली फॅशन, डॉक्टरकीचे विद्यार्थी, आगबोटीचा प्रवास असं सगळं होतं. एका कोटाची गोष्ट तर क्रमशः चालली होती, पुढचा भाग पुढच्या अंकात. लवकरच नाव बदलून 'नॉर्दर्न लुकिंग ग्लास' झालं आणि १८२६ मध्ये ते बंद पडलं. पण १८३० मध्ये लंडनच्या थॉमस मॅक्लीननं 'द लुकिंग ग्लास' नावाचं मासिक काढलं. सुरुवातीला हीथच चित्रं काढायचा, पुढं रॉबर्ट सिमूर.

आता दगड का महत्त्वाचा ते बघा. त्याआधी गिलरेसारखे इंग्रज व्यंगचित्रकार तांब्याच्या पत्र्यावर आम्लानं रेघा कोरत. असं एकेक चित्र दुकानाच्या काचेत लागायचं आणि सुटं विकलं जायचं. वर्तमानपत्रात चित्र घालायचं तर लाकडी ठोकळा कोरणारा वेगळा, अक्षरांचे खिळे जुळवणारा वेगळा. दगडावर मात्र चित्रकारानं तेलकट खडू घेतला आणि कागदावर काढतो तसं काढलं की झालं. चित्र आणि अक्षर एकाच हाताचं. एका पानावर लहान-मोठी सात-आठ चित्रं, मधे मजकूर, कडेला टिपण, सगळं एकदम. माझ्या मते कॉमिकचं पान म्हणून आपण जे ओळखतो ते इथून मोकळं झालं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर लांब जायला नको. आपल्याकडच्या जुन्या घरांत शिळाछाप पोथ्या अजून सापडतात. अक्षर नीट बघा, ते खिळ्याचं नाही, लेखनिकाच्या बोरूचं आहे. मुंबईच्या गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मराठी पंचांग असंच शिळेवर छापलं. म्हणजे लंडनमध्ये त्या 'लुकिंग ग्लास'चे अंक निघत होते, त्याच काळात.

निपाणीकर_वाचक:
काकांचं बहुतेक पटतं, पण 'पहिलं कॉमिक' हा मान मी ग्लासगोला देणार नाही. माणसांच्या तोंडातून निघणारे शब्दांचे फुगे गिलरेच्या आधीपासून होते, आणि ओळीनं चित्रं लावून गोष्ट सांगणं इंग्रज चित्रकार हॉगार्थनं १७३२ मध्येच केलं होतं. पानामागून पान, चित्राखाली ओळ, एकाच नायकाची अख्खी गोष्ट हे सांगितलं जिनिव्हाच्या रोडॉल्फ टॉफरनं. त्यानं १८२७ मध्ये काढलेली गोष्ट १८३७ मध्ये छापून आली. ग्लासगोच्या अंकाला पहिलं व्यंगचित्रांचं नियतकालिक म्हणा, त्याला माझी हरकत नाही.

जॉन डॉइलचं नाव राहिलं. 'एचबी' या सहीनं १८२९ पासून त्यानं दगडावर नऊशेच्या वर राजकीय चित्रं काढली आणि स्वतःचं नाव कित्येक वर्षं गुप्त ठेवलं. त्याचा ब्रिटिश पंतप्रधान वेलिंग्टन खरोखर वेलिंग्टनसारखा दिसतो, नाक फुगवून राक्षस केलेला नाही. खडूची मऊ छटा तांब्याच्या रेघेत येत नव्हती, ती इथं आली. मुलांना चेहरा शिकवायचा तर हाच दाखवा.

शाई_आणि_पाणी, बेळगाव:
टॉफरबद्दल मान्य. तोही दगडावरच छापायचा, आणि त्यानं एक अडचण सोडवली होती. दगडावर सगळं उलटं काढावं लागतं, अक्षरंसुद्धा. टॉफर खास कागदावर सुलटं लिहायचा आणि ते दगडावर उतरवून घ्यायचा.

चित्रकला_खानापूर:
दोघांचे मनापासून आभार. फरशीचं काय मग?

शाई_आणि_पाणी, बेळगाव:
फरशी नको, सर. शहाबादीही चुनखडीच, पण छपाईचा दगड बव्हेरियातल्या झोलनहोफेनचा, दाणा अतिशय बारीक आणि सगळीकडे सारखा. वर तो चांगला जाड असतो. पातळ फरशी दाबाखाली तडकेल. शिवाय दगडाला डिंकाच्या पाण्यात थोडं नायट्रिक आम्ल लागतं, ते मुलांच्या हातात नको.

त्याऐवजी स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियमचा फॉइल घ्या. जाड पुठ्ठ्यावर ताणून बसवा, चुरगळू देऊ नका. कपडे धुण्याच्या साबणाच्या टोकानं चित्र काढा. त्यावर कोला ओता, क्षणभर थांबा, पाण्यानं धुवा. कोलातल्या फॉस्फोरिक आम्लानं उघडी जागा पाणी धरायला लागते. मग कापसावर गोडं तेल घेऊन साबण पुसून काढा. चित्र दिसेनासं होईल, मुलं ओरडतील, होऊ द्या. ओल्या स्पंजानं फॉइल भिजवून त्यावर तेलाची छपाईची शाई रोलरनं फिरवा. ओल्या जागी तेलाची शाई धरत नाही, ती फक्त रेघांवर चढते. कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासा.

पाणी सुकू देऊ नका, एवढंच सांभाळा. पाणी कमी पडलं की पांढऱ्या जागेतही शाई चढते. आमच्या ऑफसेटवरही रोजचं भांडण हेच, पाणी वाढलं तर छपाई फिकट, कमी पडलं तर पान काळं.

अक्षरं उलटी लिहायला मुलं अडखळतील. ट्रेसिंग पेपरवर सुलटं लिहून घ्या, पालथा घाला आणि मागून दिसतं तसं गिरवा. जोडाक्षरं आधी वहीत करून बघायला सांगा, 'क्ष' आणि 'ज्ञ' सगळ्यात जास्त चुकतात. शाई मिळाली नाही तर मला कळवा, डबा पाठवतो.