आनंदीबाईंच्या कॉलेजातल्या कृष्णवर्णीय डॉक्टर
अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांत फेब्रुवारीत कृष्णवर्णीयांचा इतिहास साजरा करतात, त्याच्याशी आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, तिथूनच १८६७ मध्ये रेबेका कोल ही कृष्णवर्णीय मुलगी डॉक्टर झाली होती. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झालेली! पुढे न्यूयॉर्कमध्ये तिने गरिबांच्या घरी जाऊन मातांना स्वच्छता आणि बाळाची निगा शिकवली. आनंदीबाईंच्याच कॉलेजात शिकलेल्या दुसऱ्या कृष्णवर्णीय डॉक्टर हॅली टॅनर डिलन १८९१ मध्ये अलाबामा राज्यात डॉक्टरकी करण्यासाठीची परवाना परीक्षा उत्तीर्ण झाल्या. आनंदीबाईंबद्दल आपण इतक्या अभिमानाने बोलतो, तेव्हा या दोघींचीही नावं घ्यावीत असं मला मनापासून वाटतं.