छोट्या गावातलं हॉस्पिटल: आईबाबांसाठी आधीच काय विचारून ठेवू?

अबोली_७: आईबाबा रिटायर होऊन छोट्या गावात राहायला गेलेत. बाबांना शुगर आणि बीपी दोन्ही, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आलंय. घरापासून दहा मिनिटांवर तीसेक बेडचं हॉस्पिटल आहे आणि मोठं हॉस्पिटल तीन तासांवर. भाऊ म्हणतो काही झालं तर सरळ गाडीत घालून मोठ्याच ठिकाणी न्यायचं, इथे वेळ घालवायचा नाही. मला ते पटत नाहीये पण त्याला काय सांगू तेही कळत नाही. अनुभव असेल त्यांनी लिहा प्लीज.

रात्रपाळी: ताई, मी अशाच हॉस्पिटलात नर्स आहे. छातीत दुखत असताना माणसाला तीन तास गाडीत बसवू नका, कळकळीने सांगते. आमच्याकडे पेशंट आला की दहा मिनिटांत ईसीजी काढायचा असतो, आणि हार्ट अटॅक मोठा असेल आणि अँजिओप्लास्टी दोन तासांत होण्यासारखी नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथेच देऊन मग पुढे पाठवतात. ते काही जणांना चालत नाही, ते डॉक्टर बघतात. पण वाटेत हृदय बंद पडलं तर तुमच्या गाडीत शॉक कोण देणार? शुगर एकदम खाली जाऊन बेशुद्ध पडले तरी तेच, ग्लुकोज शिरेतून लगेच जायला हवं.

पॅरालिसिसच्या झटक्यात मात्र भावाचं थोडं बरोबर आहे. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं तर गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनसाठी साधारण साडेचार तासच असतात आणि मेंदूचा सीटी स्कॅन केल्याशिवाय ते देताच येत नाही, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर त्याच इंजेक्शनने जीव जाऊ शकतो. म्हणून आत्ताच जाऊन विचारा, आणि नुसतं सीटी मशीन आहे का असं नको, रात्री आणि रविवारी ते चालवायला माणूस असतो का असं विचारा. नसेल तर ॲम्ब्युलन्सवाल्यांना फोनवरच लक्षणं सांगा, कुठे न्यायचं ते तेच ठरवतील. आणि पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ लिहून ठेवा. सगळे तेच आधी विचारतात आणि घरचे गडबडून जातात.

दूरचा_मुलगा: माझ्या वडिलांना पुढे हलवलं तेव्हा आम्ही मार खाल्ला तो कागदांमुळे. मोठ्या ठिकाणी बेड आहे की नाही ते कोणी फोन करून पक्कं केलंच नव्हतं, आम्ही पोचलो आणि कॅज्युअल्टीच्या दारात ताटकळत बसलो. त्यात सीटीचा नुसता रिपोर्ट बरोबर होता, फिल्म किंवा सीडी नव्हती, म्हणून सीटी परत काढला. तेव्हा निघायच्या आधी तिकडच्या डॉक्टरांशी इकडचे डॉक्टर बोललेत ना, कोण घेणार आहे त्यांचं नाव काय, दिलेल्या इंजेक्शनांची वेळेसकट नोंद चिठ्ठीत आहे ना, ॲम्ब्युलन्सबरोबर कोण जाणार, एवढं तोंडाने विचारा, संकोच करू नका. औषधांची यादी तर हवीच, त्यात रक्त पातळ करायची गोळी असेल तर ती सगळ्यात वर लिहा.

सायली_न: आईच्या गुडघ्याबद्दल सांगते. ऑपरेशन मोठ्या ठिकाणी करा पण नंतर ड्रेसिंग, टाके काढणं, फिजिओथेरपी जवळच्या हॉस्पिटलात होतं का ते आधीच ठरवून घ्या, डिस्चार्जच्या कागदावर सर्जनकडून तसं लिहून आणा. माझ्या सासूबाईंना शिरेतून अँटिबायोटिक द्यायचं होतं ते सगळं गावातच झालं, रोज त्याच सिस्टर, त्यांना नावानिशी ओळखायच्या, घरचं माणूस दोन पावलांवर, म्हातारं माणूस अशा जागी लवकर उठून बसतं असं मला मनापासून वाटतं. फक्त पिंडरी सुजली, दुखायला लागली किंवा दम लागला तर रात्र काढू नका. आणि बाहेरून येणारे स्पेशालिस्ट कुठल्या वारी येतात ते लिहून ठेवा, आमची एक चक्कर त्यात वाया गेली.

अबोली_७: सगळ्यांचे खूप आभार. आज फोन केला, सीटी आहे, रात्री टेक्निशियनला घरून बोलवतात, त्याला यायला अर्धा तास लागतो. भावाला नर्सताईंचा मेसेज वाचून दाखवला, तो गप्प बसून ऐकत होता, मग म्हणाला रविवारी मीच जाऊन तिथल्या डॉक्टरांना भेटून येतो. बाबांच्या गोळ्यांचे फोटो मागवलेत, त्यातली एक कशाची आहे ते त्यांनाच माहीत नाही, ती उद्या विचारते.