विषय: कोजागिरीची भोपळा-कॉफी – दूध फाटतंय, तातडीने कळवा

माई, नौपाडा:
मंडळी, परवा गच्चीवर अमेरिकेहून कायमचे परतलेले आणि सुट्टीवर आलेले मिळून 22 डोकी. पोरांना तिकडची भोपळ्याची मसाला-कॉफी हवीय. घरीच करू, साखरेऐवजी गूळ घालू म्हटलं. जांभळी नाक्यावरून लाल भोपळ्याची फोड आणली, कुकरला दोन शिट्ट्या, मिक्सरमधून काढला. रंग काय सुरेख! दूध उकळत असताना गूळ टाकला मात्र, आणि चोथा-पाणी वेगळं. पुन्हा केली, पुन्हा तेच. दूधवाल्याला आज रात्री सांगायचंय.

अण्णा, एडिसन (न्यू जर्सी):
माई, चिरंजीव आज निघतायत, भोपळ्याचे दोन डबे पाठवू का? नुसत्या गराचाच डबा घेईन. ‘पम्पकिन पाय’ या तिकडच्या गोड पदार्थाच्या सारणाच्या डब्यात साखर आधीच कालवलेली असते. गंमत म्हणजे स्टारबक्सने ही कॉफी 2003 मध्ये आणली, पण 2015 पर्यंत तिच्यात भोपळा नव्हताच. नुसता मसाला!

काकू, घोडबंदर रोड:
अहो अण्णा, ठाण्यात भोपळ्याचा दुष्काळ पडलाय का? आणि मसाला तरी कसला: दालचिनी, सुंठ, लवंग, जायफळ. आमची आई कॉफीत जायफळ घालायची ती काय तिकडून शिकून? सहाणेवर दोन वेढे, बास. आमच्या ह्यांनी एकदा अर्धं जायफळ किसलं होतं, पाहुणे सोफ्यावरच पेंगले.

खजिनदार:
खर्चाला मसाला दूध मंजूर आहे, कॉफी नाही. शिवाय रात्री दहाला पोरांना कॉफी?

काकू, घोडबंदर रोड:
‘को जागर्ति’ विचारायला लक्ष्मी येते ना? मग जागायला कॉफीच बरी.

वहिनी, वाशी:
माईंच्या दुधाकडे कोणी बघेल का? माई, गुळात थोडा आंबटपणा असतो, उकळत्या दुधात पडला की दूध फाटतं. गूळ भोपळ्याच्या गरातच शिजवा, घारग्यांना करतो तसा. मसाला त्यातच. मग गाळून घ्या, नाहीतर कपाच्या तळाशी दोऱ्या राहतात आणि पोरं तोंड वाकडं करतात. दूध वेगळं उकळून खाली उतरवा, जरा निवलं की गर आणि कॉफीचं डिकॉक्शन घालून ढवळा. पुन्हा गॅसवर ठेवायचं नाही, कोणी कितीही ‘गरम हवी’ म्हणालं तरी. 22 जणांना साडेतीन लिटर दूध, अर्धा किलो भोपळा.
आणि गूळ म्हणजे साखरच, रंग फक्त वेगळा. मधुमेहवाल्यांसाठी बिनगुळाचं पातेलं ठेवा. त्यांनाही भोपळा वाटीभर नको, चमचाभर पुरे.

अण्णा, एडिसन:
बिनगुळाच्या पातेल्यावर चिठ्ठी लावा. गेल्या खेपेला बिनसाखरेचा चहा कोणी संपवला ते मला माहीत आहे.

माई, नौपाडा:
वहिनी, आत्ता कपभर करून पाहिली. नाही फाटली! गर गाळल्यामुळे अगदी रेशमी लागते. दूध चार लिटर सांगितलंय. अर्धा लिटरचं मसाला दूध करते, खजिनदारांच्या पावतीपुरतं. अण्णा, डबे नकोत. चिरंजीवांना रिकाम्या हातानेच येऊ दे, पातेली गच्चीवर चढवायला माणूस हवाय. लिफ्ट बंद आहे.