ऑरेगन ट्रेलची चाकोरी आणि जमिनीचा सातबारा

नांगरट

गेल्या आठवड्यात मुलीला घेऊन इथल्या ऑरेगन राज्यातल्या बेकर सिटीजवळच्या फ्लॅगस्टाफ हिलला जाऊन आलो. टेकडीच्या पायथ्याशी ऑरेगन ट्रेलच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्यांचे तांडे ज्या वाटेने अमेरिकेच्या पश्चिमेला आले तिच्या, गाड्यांनी पाडलेली चाकोरी अजून दिसते. 'चाकोरी' हा शब्द आपण रोज वापरतो, पण खरीखुरी चाकोरी मी कित्येक वर्षांनी पाहिली. मिसुरीतल्या इंडिपेंडन्सपासून इथल्या विलॅमेट खोऱ्यापर्यंत सुमारे ३,२०० किलोमीटर, चार ते सहा महिने, आणि तेही बहुतेक पायी. गाडीचा साटा जेमतेम दहा फूट लांब, चार फूट रुंद. त्यात पीठ, बेकन, अवजारं भरली की माणसाला जागा उरत नसे. घोड्यांपेक्षा बैल बरे, कारण ते स्वस्त आणि वाटेतल्या गवतावर निभावतात.

कोरड्या हवेत चाकाचं लाकूड आकसायचं, धाव सैल व्हायची. मग मुक्कामी चाकं नदीत भिजत घालायची. माझे आजोबा उन्हाळ्यात नेमकं हेच करायचे. प्लॅट नदीकाठी झाडं नाहीत, म्हणून बायका ओच्यात बायसनच्या वाळक्या शेणाच्या गोवऱ्या गोळा करून चूल पेटवत. १८४९ नंतर तीन-चार वर्षं याच वाटेवर कॉलऱ्याने कहर केला. सकाळी चालणारा माणूस संध्याकाळी पुरलेला असे.

हे लोक कोण होते? १८३७ च्या मंदीत बुडालेले, मिसिसिपीच्या खोऱ्यात हिवतापाने बेजार झालेले शेतकरी. १८४३ मध्ये हजारेक जणांचा पहिला मोठा तांडा निघाला. आजकाल त्यांना सरसकट जमीनचोर म्हणतात, ते मला पटत नाही. कायद्याने जमीन दिली, त्यांनी ती कसली. त्यांचं चुकलं कुठे?

कावेरी

'कायद्याने दिली' इथेच सगळी गोम आहे, नांगरटदादा. १८५० चा ऑरेगनचा जमीनदान कायदा बघा. गोऱ्या पुरुषाला ३२० एकर, लग्न झालेलं असेल तर बायकोच्या नावे आणखी ३२०. पण त्या दिवशी ती जमीन सरकारची होती का? १८५१ मध्ये इथल्या जमातींशी तह झाले, ते सिनेटने मंजूरच केले नाहीत. विलॅमेट खोऱ्यातल्या मूळनिवासी कलापुया लोकांशी जो तह शेवटी मंजूर झाला तो जानेवारी १८५५ चा. म्हणजे मूळ मालकाशी तह पक्का झालेला नसताना सरकार चार वर्षांहून जास्त काळ जमीन वाटत होतं. तलाठ्याने परस्पर सातबारा फिरवला तर आपण त्याला कायदा म्हणतो का?

आणि खोरं रिकामं होतं हेही खरं नाही. आलेल्यांना ओकची तुरळक झाडं आणि मोकळी कुरणं दिसली, नांगर घालायला तयार. ती कुरणं निसर्गाने तशी ठेवली नव्हती. कलापुया लोक दरवर्षी उन्हाळा संपताना गवत पेटवत, म्हणून रान माजत नसे. तिथे कॅमस उगवे. निळ्या फुलांची, कांद्यासारखा कंद असलेली वनस्पती. बायका टोकदार काठीने कंद उकरत, तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात पानांनी झाकून दोन-दोन दिवस भाजत. कंद काळा आणि गोड होई, तो हिवाळाभर पुरे. वसाहतवाल्यांनी डुकरं मोकळी सोडली आणि ती हेच कंद उकरून खाऊ लागली. कुणी बंदूकही उचलली नाही, पण कोठार रिकामं झालं.

त्याआधी १८३० ते १८३३ दरम्यान तापाची साथ येऊन गेली होती. बहुतेक अभ्यासक तो हिवताप मानतात. त्यात कलापुयांपैकी बहुसंख्य माणसं दगावली. ज्यांना जमीन 'पडीक' वाटली, त्यांनी साथीनंतरचं गाव पाहिलं होतं.

रानवारा

दोघांनाही लागू पडणारी एक गोष्ट. गाड्यांचं रिंगण आणि भोवती हल्लेखोर हे चित्र फार वाढवून सांगितलेलं आहे. जॉन अनरू या इतिहासकाराने १८४० ते १८६० चा हिशेब मांडला. मूळनिवाशांच्या हातून ३६२ प्रवासी मारले गेले आणि प्रवाशांच्या हातून ४२६ मूळनिवासी. एकूण प्रवासी काही लाख. त्यामानाने नदीत बुडून, चाकाखाली येऊन, स्वतःचीच बंदूक चुकून उडून किती गेले! नद्या ओलांडून द्यायला, रस्ता दाखवायला, सामन मासा विकायला वाटेवर मूळनिवासीच होते. त्यांच्या मदतीवाचून हे तांडे पोचले नसते.

नांगरट

कावेरीताई, तहांच्या तारखा मला माहीत नव्हत्या. ते मान्य. पण सिनेटने काय मंजूर केलं हे इलिनॉयच्या शेतकऱ्याला कुठून कळणार? त्याच्या हातात कागद आला, त्याने घर बांधलं. बाईच्या स्वतःच्या नावावर जमीन ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आणि शेवटी 'कसेल त्याची जमीन' हे आपणही मानतोच ना? १८६२ चा होमस्टेड कायदा तेच म्हणतो. पाच वर्षं राहा, कसा, १६० एकर तुमची.

कावेरी

कूळकायद्यात पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्याला तो राबत होता तीच जमीन मिळाली. इथे पिढ्यान्‌पिढ्या राखणाऱ्याची काढून बाहेरून आलेल्याला दिली. दोन्हींत 'कसणं' हा शब्द सारखा आहे, एवढंच साम्य.

आणि घामालाच जमीन मिळत होती म्हणता, तर जॉर्ज बुशचं काय? कृष्णवर्णीय वडिलांचा मुलगा, हातात पैसा असलेला, १८४४ मध्ये याच ट्रेलवरून आला. वाटेत गोऱ्या सोबत्यांना पदरचे पैसे देऊन मदत केली. पण त्याच वर्षी ऑरेगनने कृष्णवर्णीयांना वस्ती करायला बंदी घातली. मग तो आणि त्याचे सोबती कोलंबिया नदीपलीकडे उत्तरेला, प्यूजेट साउंडला गेले. तिथेही कायद्याने त्याला जमीन मिळेना. शेजाऱ्यांनी खटपट केली, तेव्हा १८५५ मध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, त्याच्यासाठी खास कायदा करावा लागला. तो तेवढाच चालला होता, त्याचे बैल तेवढेच दमले होते. कागद घामाला नव्हता, कातडीला होता. ऑरेगनच्या संविधानातलं बंदीचं कलम १९२६ पर्यंत जागेवर होतं.

अभंग

इथे जोतीराव फुल्यांची आठवण काढायला हवी. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना. मात्र त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत युरोपीय वसाहतवाल्यांनी अमेरिकेतल्या मूळनिवाशांवर केलेल्या क्रौर्याचाही स्पष्ट उल्लेख आहे. आर्यांनी इथल्या मूळ लोकांना जिंकलं, त्याची तुलना ते त्या क्रौर्याशी करतात. पुण्यात बसून, दीडशे वर्षांपूर्वी! कौतुक आणि जाब दोन्ही एकाच ग्रंथात मावलं. आपल्याला चर्चेच्या या धाग्यात मावायला काय हरकत आहे?

पाणवठा

नांगरट, तुमच्या प्रोफाइलवर हिल्सबरो लिहिलंय. तो सगळा पट्टा कलापुयांपैकी अटफलाटी लोकांचा. 'ट्वालटिन' हे नदीचं नाव त्यांच्यावरूनच पडलं. मीही त्याच भागात राहते. घराच्या व्यवहाराची कागदपत्रं चाळली तेव्हा मालकांची साखळी पाहिली. ती कुठून सुरू होते हे बघून झोप लागली नव्हती. मी घर सोडणार नाही, पण ती साखळी कोरी सुरू झाली असं मुलांना सांगणारही नाही.

नांगरट

पाणवठाताई, तुमचं वाचून मीही काल कागद काढून बसलो. चालत आलेल्या त्या माणसांबद्दलची माझी माया आटणार नाही. बाळाला रस्त्याकडेला पुरून दुसऱ्या दिवशी पुन्हा बैल जुंपणाऱ्या आईला मी चोर म्हणू शकत नाही. पण त्यांच्या कष्टांनी मालकी सिद्ध होते, हे माझं म्हणणं मी मागे घेतो. बुशच्या गोष्टीपुढे ते टिकत नाही.

मुलीच्या शाळेच्या प्रकल्पात पुठ्ठ्याची गाडी करून झाली आहे. तिला आता दुसरी बाजूही मांडायची आहे. कॅमस प्रत्यक्ष कुठे बघायला मिळेल?

कावेरी

वेस्ट लिनला कॅमासिया नावाचं छोटं राखीव रान आहे. एप्रिलच्या अखेरीस जा, खडकांमधली कुरणं निळी झालेली असतात. नदीपलीकडे ऑरेगन सिटी, म्हणजे ट्रेलचा शेवट. तिथे विलॅमेट धबधब्याकाठची बंद पडलेल्या कागद कारखान्याची जागा २०१९ मध्ये ग्रँड रोंडच्या जमातींनी विकत घेतली. १८५६ मध्ये कलापुयांना हलवलं ते याच ग्रँड रोंडला. १९५४ मध्ये सरकारने त्यांची मान्यताच काढून घेतली होती, ती १९८३ मध्ये परत मिळाली. पूर्वजांच्या मासेमारीची जागा त्यांनी रोख पैसे मोजून घेतली आहे. मुलीला तोही काठ दाखवा.